खंड, वेतन आणि नोंद : मारुंजी परिसरातील वर्गरचनेचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

आधुनिक भांडवलशाही समाजातील वर्गरचनेचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम कारखान्याकडे वळते. एका बाजूस उत्पादनसाधनांचा स्वामी, दुसऱ्या बाजूस श्रमशक्ती विकणारा मजूर आणि या दोहोंच्या मध्ये वाढत जाणारा पगारदार वर्ग, असे चित्र सामान्यतः रेखाटले जाते. या चित्रात जमीनमालकाला फारसे स्थान उरत नाही. अभिजात अर्थशास्त्राची भूमिका मात्र अशी नव्हती. रिकार्डोने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उत्पन्नाची वाटणी खंड, नफा व वेतन या तीन वाट्यांत होते असे मानले आणि या वाटणीचे नियम शोधणे हे अर्थशास्त्राचे मुख्य कार्य ठरविले. मार्क्सच्या मृत्यूनंतर एंगल्सने १८९४ मध्ये 'भांडवला'चा तिसरा भाग प्रकाशित केला. त्यातील वर्गविषयक अखेरच्या प्रकरणातही वेतनावर जगणारे मजूर, नफ्यावर जगणारे भांडवलदार आणि खंडावर जगणारे जमीनमालक असे तीन महावर्ग सांगितलेले आहेत. ते प्रकरण थोड्याच परिच्छेदांनंतर अपुरे राहिले, आणि पुढील काळातील बहुतेक विवेचनांत तिसरा वर्ग हा सरंजामशाहीचा अवशेष म्हणून बाजूला पडला.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास पाहता हे दुर्लक्ष योग्य ठरत नाही. या पट्ट्याच्या पश्चिम कडेवर, मुळशी तालुक्यात, हिंजवडी, माण, नेरे, जांबे आणि ताथवडे यांच्या शेजारी मारुंजी हे गाव आहे. येथे आणि आसपासच्या गावांत गेल्या तीन दशकांत खंडावर जगणारा वर्ग नष्ट होण्याऐवजी नव्याने निर्माण झाला, आणि तो सामान्य शेतकऱ्यांतून निर्माण झाला. त्याच वेळी त्याच गावांत केवळ मजुरीवर जगणारा, परंतु कोणत्याही कारखान्याच्या कायम पटावर नाव नसलेला, दुसरा एक मोठा समूह येऊन राहिला. या दोन समूहांमधील अंतर कारखान्याच्या दाराशी उत्पन्न झाले की त्याचे मूळ त्याहून जुने आहे, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न होय.

२. पिंपळे सौदागरची साक्ष

मारुंजीपासून काही किलोमीटरांवर, पवना नदीच्या काठी, पिंपळे सौदागर हे गाव आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या गावाची कुटुंबवार व शेतवार पाहणी केली आणि तिचा वृत्तांत १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या शास्त्रीय पाहणीचा प्रारंभ ज्या थोड्या ग्रंथांनी केला त्यांत त्याची गणना होते.

मान यांनी जुन्या दप्तरांच्या आधारे दाखविले की, १७७१ मध्ये गावातील खात्याचे सरासरी क्षेत्र सुमारे ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर उरले. १५६ खातेदारांच्या जमिनी ७२९ तुकड्यांत विखुरलेल्या होत्या. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान व ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते. ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आतील होती. गावातील फार थोडी कुटुंबे केवळ स्वतःच्या जमिनीवर निर्वाह करू शकत होती. अनेकांना बाहेरच्या मजुरीचा आधार घ्यावा लागत होता आणि तो घेऊनही पुष्कळांची तोंडमिळवणी होत नव्हती.

या निष्कर्षानंतर एकाच वर्षाने, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदुस्थानातील लहान शेतधारणांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. शेताचे लहानमोठेपण त्याच्या क्षेत्रफळावरून ठरविणे चूक असून जमिनीशी भांडवल व श्रम यांचे प्रमाण काय आहे हे पाहिले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जमिनीवर निरुपयोगी श्रमाचा बोजा साचला आहे, म्हणून तुकडे जोडण्याने रोग बरा होणार नाही. औद्योगिकीकरणाने तो श्रम शेतीबाहेर काढला पाहिजे, हा त्यांचा उपाय.

पिंपळे सौदागर आणि मारुंजी ज्या पट्ट्यात आहेत तेथे हा उपाय पुढे मोठ्या प्रमाणावर घडून आला. त्यामुळे आंबेडकरांच्या सिद्धान्ताची येथे जणू प्रत्यक्ष परीक्षा झाली. तिचा निकाल सरळ नाही. उद्योग आले, परंतु मान यांनी मोजलेल्या तुकड्याचे आर्थिक स्वरूपच त्यांनी पालटून टाकले. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोट भरणे १९१७ मध्ये अशक्य होते; शंभर वर्षांनंतर त्याच दहा गुंठ्यांवर अनेक मजली इमारत उभी राहू शकत होती. आज पिंपळे सौदागर हे महापालिकेच्या हद्दीतील उंच इमारतींचे सुखवस्तू उपनगर आहे. जो तुकडा दारिद्र्याचे माप म्हणून नोंदविला गेला, तो खंडाचे साधन झाला. ज्यांच्याकडे तेवढाही तुकडा नव्हता, त्यांच्या बाबतीत असे परिवर्तन होण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

३. मुळशीचा पूर्वानुभव

भांडवल आणि जमीन यांची या तालुक्यातील पहिली मोठी गाठ हिंजवडीत पडलेली नाही. तालुक्याच्या पश्चिम भागात, मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात, मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने धरणाची योजना हाती घेतली. पन्नासांहून अधिक गावे तिच्यामुळे बाधित होणार होती. सरकारने १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याचा उपयोग खासगी कंपनीसाठी केला. या संपादनाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ च्या अखेरीपर्यंत लढा संपुष्टात आला व धरण झाले.

वर्गरचनेच्या दृष्टीने या लढ्याचा एक पैलू विशेष अभ्यसनीय आहे. मावळातील पुष्कळ जमिनींवर पुण्यातील सावकारांचे स्वामित्व किंवा गहाणहक्क होते. प्रत्यक्ष कसणारे मावळे त्यांची कुळे होती. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या २००९ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, लढा पुढे गेला तसे या दोघांचे हितसंबंध वेगळे होत गेले. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही पैशात रूपांतरित करता येणारी मालमत्ता होती. भरपाईचा दर वाढवून मिळाला की त्याचा प्रश्न सुटत होता. कुळाला जमीन गेल्यावर दुसरे जीवनसाधन नव्हते, आणि भरपाईच्या कागदावर त्याचे नाव गौण होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा मावळ्याच्या स्थितीला जितकी लागू होती तितकी त्याच्या सावकाराच्या स्थितीला नव्हती.

मुळशीने असे दाखविले की, भांडवल जेव्हा एखाद्या खोऱ्यात उतरते तेव्हा त्याला गाव हा एकजिनसी समाज म्हणून भेटत नाही. दप्तरात ज्याचे नाव असते त्याच्याशी ते व्यवहार करते. इतरांना ते केवळ हटविते. जमिनीशी असलेले संबंध रूढीत अनेकपदरी असतात: कसणारा, वाटेकरी, वतनदार, गहाणदार, माहेरची हक्कदार लेक. संपादनाच्या किंवा विक्रीच्या क्षणी हे सर्व पदर एका नावापुरते आकुंचित होतात.

४. एकाच वर्षातील दोन कायदे

स्वातंत्र्योत्तर राज्यसंस्थेला या विषमतेची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. १९४७ मध्ये मुंबई राज्याने जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण यांविषयीचा कायदा केला. १९४८ मध्ये कुळवहिवाट कायदा झाला, आणि त्याच्या पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानले गेले. परंतु गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व खुदनपूर यांनी १९५७ मध्येच प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कायद्याच्या अंमलबजावणीचे दौर्बल्य उघड झाले. कित्येक कुळांनी आपला हक्क 'स्वेच्छेने' सोडल्याच्या नोंदी झाल्या होत्या. म्हणजे मालकी देण्याचा दिवस उगवण्यापूर्वीच अनेक नावे दप्तरातून निघून गेली होती.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ मध्ये दोन कायदे संमत झाले. शेतजमीन कमाल धारणा कायद्याने एका कुटुंबाने किती जमीन धारण करावी याला मर्यादा घातली. औद्योगिक विकास कायद्याने उद्योगांसाठी जमीन संपादन करून ती उद्योजकांना देण्याचा अधिकार एका महामंडळाकडे सोपविला, आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी ते महामंडळ स्थापन झाले. पहिल्या कायद्याचा हेतू समता हा होता, दुसऱ्याचा विकास हा. दोन्ही हेतू परस्परपूरक आहेत अशी त्या काळी प्रामाणिक श्रद्धा होती. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना, आणि त्यामागून साठीच्या दशकात आलेले बजाज व टेल्को यांचे कारखाने, या श्रद्धेची दृश्य रूपे होती. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिची महापालिका झाली.

५. संपादनाची तारीख

औद्योगिकीकरणाच्या या पहिल्या पर्वात शेतकऱ्याची जमीन सार्वजनिक हेतूच्या नावाने व सरकारी दराने गेली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन वसाहतीसाठीही मोठे संपादन झाले. पुढे नव्या मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उग्र आंदोलन केले. त्यात गोळीबार होऊन पाच माणसे मरण पावली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ खातेदारास परत देण्याचे तत्त्व महाराष्ट्रात या संघर्षातून रुजले. पिंपरी-चिंचवडमध्येही ते लागू झाले. तथापि १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना या लाभासाठी पुढे अनेक दशके झगडावे लागले.

येथे वर्गस्थान ठरविणारा एक अनपेक्षित घटक पुढे येतो, तो म्हणजे तारीख. एकाच शिवेवरील दोन भावकींपैकी एकीची जमीन १९७५ मध्ये गेली आणि दुसरीची १९९५ नंतर गेली किंवा विकली गेली, तर त्यांच्या नातवंडांची स्थिती अगदी भिन्न होऊ शकते. पहिल्या घरातील मुलगा कारखान्यात लागला असेल तर तो कायम कामगार झाला. न लागल्यास किरकोळ व्यवसायात शिरला. दुसऱ्या घरातील मुलगा इमारतीचा भागीदार, खोल्यांचा मालक वा माती-वाहतुकीचा ठेकेदार झाला. दोघांच्या परिश्रमांत वा योग्यतेत भेद असण्याचे कारण नाही. माक्स वेबरने मालमत्तेवर आधारलेले वर्ग व बाजारातील कौशल्यावर आधारलेले वर्ग असा जो भेद केला, त्यातील पहिल्या प्रकाराचे हे उदाहरण होय. आणि त्यात मालमत्तेचे मोल मालकाच्या कृतीने वाढत नसून सभोवतालच्या समाजाच्या वाढीने वाढते, हे रिकार्डोचे जुने तत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते.

६. मारुंजी : विक्रीचा मार्ग

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी सुरू झाली. हिंजवडी व माण येथील जमीन औद्योगिक महामंडळामार्फत संपादनाने गेली. मारुंजीचे रूपांतर मुख्यत्वे निवासी वस्तीच्या मार्गाने, म्हणजे खासगी खरेदी-विक्रीतून झाले. उद्यानात काम करणाऱ्यांना घरे हवी होती आणि ती पुरविणारी सर्वांत जवळची शेतजमीन मारुंजी, नेरे, जांबे या गावांत होती.

या मार्गाला राज्याच्या धोरणाने आवश्यक ती वाट करून दिली. २००५ च्या सुमारास विशेष नगर वसाहतीचे नियम लागू झाले. किमान ४० हेक्टर, म्हणजे १०० एकर, सलग क्षेत्रावर खासगी विकासकाला संपूर्ण वसाहत उभारण्याची त्यांत मुभा होती. अशा योजनेसाठी शेतजमीन धारण करण्यावरील कमाल मर्यादा शिथिल करण्यात आली आणि शेतजमीन शेतकऱ्यानेच विकत घ्यावी ही कुळवहिवाट कायद्यातील अटही तिला लागू राहिली नाही. याचा ऐतिहासिक अर्थ स्पष्ट आहे. १९४८ व १९६१ च्या कायद्यांनी समतेच्या नावाने जी बंधने निर्माण केली, ती गावकऱ्यावर कायम राहिली; वसाहतीच्या विकासकाला तेवढी त्यांतून सूट मिळाली. आज मारुंजी परिसरात सुमारे ४०० एकरांवर पसरलेली वसाहत उभी आहे. जेथे एका कुटुंबाला ५४ एकरांहून अधिक कोरडवाहू जमीन ठेवण्यास कायद्याने मनाई केली, तेथेच हे घडले.

विक्री करणाऱ्या शेतकऱ्याला या व्यवहारात १९७० च्या दशकातील संपादनापेक्षा कितीतरी अधिक मोबदला मिळाला, हे मान्य केले पाहिजे. काहींनी तो पैसा दूरच्या तालुक्यांत जमीन घेण्यात गुंतविला, काहींनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, काहींनी यंत्रे व वाहने घेऊन ठेके मिळविले, तर काहींचा पैसा लग्नकार्यांत व गाड्यांत संपला. लोकभाषेने या नव्या वर्गाला 'गुंठामंत्री' असे उपहासात्मक नाव दिले. त्या उपहासात नागरी मध्यमवर्गाचा मत्सर आहे, तसेच श्रमाशिवाय आलेल्या संपत्तीविषयीचा जुना शेतकरी संकोचही आहे. परंतु उपहासामुळे मूळ गोष्ट झाकली जाते. इंग्लंडमधील कुंपणबंदीने लहान शेतकऱ्याला जमिनीवरून हुसकून मजूर बनविले व तोच तेथील कारखान्यांत गेला, असा मार्क्सने 'आदिम संचया'चा क्रम सांगितला. मारुंजीत हा क्रम दोन ठिकाणी विभागला गेला. येथील खातेदार शेतकरी खंडोपजीवी झाला, आणि मजूर झालेला शेतकरी मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार व उत्तर प्रदेशातून येथे आला. तेथे पावसाने, कर्जाने आणि तुकडीकरणाने जे केले, त्याचा परिणाम येथील भाड्याच्या खोल्यांत दिसतो. वर्ग निर्माण होण्याची जागा आणि वर्ग राहण्याची जागा यांत शेकडो मैलांचे अंतर पडले. म्हणून एका गावाचा अभ्यास करून या प्रक्रियेचा केवळ अर्धा भाग हाती लागतो.

७. नोंदीबाहेरचे

गावातील सर्वच कुटुंबे खंडोपजीवी झाली नाहीत. सातबाराच्या उताऱ्यावर नाव कोणत्या रकान्यात व कोणत्या शर्तीवर आहे, यावर पुष्कळसे अवलंबून राहिले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली व महार वतनाच्या जमिनी मूळ वतनदारांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. वेठीच्या सेवेतून ही मुक्ती होती, यात संशय नाही. परंतु शर्त अशी की, शासनाच्या परवानगीवाचून त्या हस्तांतरित करता येऊ नयेत आणि बिगरशेती वापराच्या वेळी बाजारमूल्याच्या निम्म्या रकमेइतका नजराणा भरावा. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींच्या बाबतीत मात्र २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षांनंतर आकाराच्या केवळ चाळीस पट रक्कम भरून विक्रीची मोकळीक दिली. आकार हा पूर्वीच्या जमाबंदीचा असल्याने ही रक्कम नाममात्र असते. दुर्बळाच्या जमिनीचे रक्षण हा वतनजमिनीवरील बंधनाचा हेतू होता. तथापि जमिनीची किंमत वाढली तेव्हा त्याच बंधनाने दलित धारकाचा खंड निम्मा केला आणि मध्यस्थाला वाव मिळाला. जाती ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, या १९३६ मधील आंबेडकरांच्या सूत्राला येथे पुस्ती जोडता येते. जमिनीच्या शर्तींतून ती मालकांचीही विभागणी झाली.

स्त्रियांच्या हक्काची गोष्टही याच स्वरूपाची आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. हे दुसरे वर्ष या परिसरात जमिनीच्या किमती झपाट्याने वाढण्याच्या काळातील होते. हक्क मिळाला, आणि त्याबरोबर हक्कसोडपत्राचे महत्त्वही वाढले. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून बहिणीने सही करावी, ही अपेक्षा शेतीच्या दिवसांत थोड्या धान्याचा प्रश्न होता. आता ती एका संपूर्ण वर्गस्थानाचा प्रश्न झाली.

८. नोकरीचे वतन

जमिनीकडून कारखान्याकडे वळले तरी नोंदीचा प्रश्न मागे पडत नाही. रिचर्ड लॅम्बर्ट यांनी पुण्यातील पाच कारखान्यांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. कारखान्यातील कामगार हा समाजातील तळाचा घटक नसून तुलनेने सुस्थित आहे, व आपल्या नोकरीकडे तो एक प्रकारची मालमत्ता म्हणून पाहतो, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण मराठी माणसाला वतनाच्या कल्पनेवरून सहज उमगते. कायम कामगाराचा हुद्दा, त्याबरोबरचा भविष्यनिर्वाह निधी, आणि आपल्यामागे मुलाला तेथेच घ्यावे ही अपेक्षा, हे सर्व एका नव्या वतनाचे घटक होते. १९८८-८९ मधील टेल्कोच्या संघर्षात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर उपोषण केले व सप्टेंबर १९८९ अखेर पोलिसांनी ते मोडून काढले. त्या लढ्यात पणास लागलेली गोष्ट मुख्यतः हीच होती: पटावर असलेल्यांना आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा अधिकार.

यानंतर पटच आकसत गेला. बजाजने २००७ मध्ये आकुर्डी येथील वाहननिर्मिती थांबविली. नवे उत्पादन चाकणकडे सरकले. कायम कामगारांच्या जागी कंत्राटी व शिकाऊ कामगार वाढले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने नित्य स्वरूपाच्या कामांत कंत्राटपद्धती बंद करण्याचा अधिकार शासनाला दिला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात असा निर्णय दिला की, कंत्राटपद्धती बंद झाली तरी तेवढ्याने कंत्राटी कामगार मूळ मालकाचा नोकर ठरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता अमलात येऊन हा कायदाही त्यांत सामावला गेला. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचे नाव कारखान्याच्या पटावर आणि दुसऱ्याचे ठेकेदाराच्या हजेरीवहीत असते. त्यांच्या वेतनातील अंतर कौशल्याच्या अंतराने स्पष्ट होत नाही. ठेकेदार पुष्कळदा स्थानिक, पूर्वी जमीन असलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन नोंदवह्यांचा संबंध कळतो: सातबाराने ज्याला भांडवल पुरविले, तोच आता हजेरीवही ठेवतो.

हिंजवडीतील संगणक-अभियंत्याची स्थिती याहून निराळी, परंतु वाटते तितकी निराळी नाही. सामाजिक प्रतिष्ठेच्या दृष्टीने तो उच्च मध्यमवर्गीय आहे. उत्पादनसंबंधांच्या दृष्टीने तो वेतनावर जगतो. त्याच्या वेतनाचा मोठा भाग घराच्या हप्त्याच्या रूपाने विकासक व बँक यांच्याकडे, किंवा भाड्याच्या रूपाने जुन्या खातेदाराकडे जातो. नोकरी गेली तर त्याला कामगार म्हणून कायद्याचे संरक्षण आहे की नाही, हे त्याच्या कामाच्या व्याख्येवर अवलंबून असते. त्याच्या घरी झाडलोट करणारी स्त्री आणि तो स्वतः, दोघेही आपापल्या पायरीवर एकाच खंडाचे देणेकरी आहेत. मात्र या समान स्थितीची जाणीव त्यांच्यात निर्माण होण्यास कोणतेही समान स्थळ नाही.

९. समभागाची मागणी

या सर्व विवेचनाची कसोटी म्हणून दोन घटना शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. हडपसरजवळील मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन विकासकाला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी स्थापिली व जमिनीच्या प्रमाणात तिचे समभाग घेतले. २००० च्या सुमारास उभारणी सुरू झालेली ही वसाहत सहकारी उद्यमशीलतेचा आदर्श म्हणून देशभर गौरविली गेली, आणि तो गौरव अस्थानी नव्हता. जमीन गमावून मजूर होण्याऐवजी शेतकरी भागधारक झाला.

दुसरी घटना चाकणची. जून २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या मागण्यांत एक अपूर्व मागणी होती: प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकी एक रुपया दराने मिळावेत. कंपनीच्या भरभराटीत आपल्या श्रमाचा वाटा आहे, म्हणून तिच्या मालकीतही वाटा असावा, हा त्यामागील विचार. कंपनीने ती मागणी अमान्य केली व सुमारे ५० दिवसांनंतर, ऑगस्टमध्ये, मागणी पदरात न पडताच कामगार कामावर परतले.

दोन्ही ठिकाणी मागितले गेले ते एकच, समभाग. एका ठिकाणी तो जमिनीच्या बदल्यात मिळाला व दूरदृष्टी ठरला. दुसऱ्या ठिकाणी तो श्रमाच्या बदल्यात मागितला गेला व अवाजवी ठरला. कंपनीच्या कायद्याच्या चौकटीत हा भेद तर्कशुद्ध आहे, कारण तेथे भांडवल म्हणून काय मोजावयाचे हे आधीच ठरलेले असते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र प्रश्न उरतो. मगरपट्ट्याच्या जमिनीचे मोल शेतकऱ्याने निर्माण केले नव्हते. ते शहराच्या, म्हणजे असंख्य कामकरी लोकांच्या, एकत्र येण्यातून निर्माण झाले. त्या मोलावर हक्क सांगण्यास जुनी नोंद पुरली. मोल निर्माण करणाऱ्यांना तशी नोंद दाखविता आली नाही.

१०. निष्कर्ष

मारुंजी परिसराच्या इतिहासावरून असे म्हणता येते की, भांडवलशाहीतील वर्गांची मांडणी करताना मालक व मजूर ही जोडी अपुरी पडते. तिसऱ्या महावर्गाला, खंडावर जगणाऱ्याला, विवेचनात पुन्हा स्थान दिले पाहिजे. कारण महानगरांच्या कडेवर हा वर्ग आजही घडत आहे. या वर्गात कोण जाणार व कोण नाही हे कारखाना येण्यापूर्वीच्या नोंदींनी बव्हंशी ठरविले: १९५७ पूर्वी कोणत्या कुळाने नाव सोडले, १९५८ नंतर कोणाला कोणत्या शर्तीवर जमीन मिळाली, कोणत्या वर्षी संपादन झाले, कोणत्या बहिणीने सही केली. औद्योगिकीकरणाने या नोंदींना प्रचंड मोल आणून दिले; त्यांतील अन्याय त्याने निर्माण केला नसला तरी तो कित्येक पटींनी वाढविला.

आंबेडकरांचा १९१८ मधील उपाय चुकीचा ठरला, असा निष्कर्ष यातून काढणे अयोग्य होईल. जमिनीवरील अतिरिक्त श्रम उद्योगाकडे गेला, हे खरे. परंतु उद्योगाने त्या श्रमाला तुकड्याऐवजी कोणता आधार द्यावयाचा, हा प्रश्न तेव्हा पुढे आलेला नव्हता. काही काळ कायम नोकरीने तो आधार दिला. तो सुटत गेल्यावर केवळ श्रम घेऊन या पट्ट्यात येणाऱ्या माणसाच्या नावे कोणत्याही वहीत काही जमा होत नाही. मान यांनी १९१७ मध्ये पाव एकराचे तुकडे मोजले. आज तशीच पाहणी मारुंजीत करावयाची झाली तर अभ्यासकाला सातबारा पुरणार नाही. ठेकेदारांच्या हजेरीवह्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या पावत्याही मोजाव्या लागतील.